नऊ कमिट, सहा फायली: एक्स्पोर्ट कमांडमधला बदल कसा तपासावा

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात एका सकाळी टीममधली सगळ्यांत नवी मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. "ताई, नऊ कमिट एक्स्पोर्ट केले आणि फोल्डरात फायली सहाच आहेत. तीन गेल्या कुठे?" ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या स्थानकांचा मराठी मजकूर ती रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या फायली आणि त्यांचा इतिहास ठेवतो त्या जागी, भरत होती. एका स्थानकाला एक कमिट (संदेशासह नोंदवलेला बदल), आणि कमिटचा संदेश म्हणजे त्या स्थानकाचं नाव: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. फोल्डर उघडलं तर एकाही फायलीला ओळखू येईल असं नाव नव्हतं. नुसत्या अंडरस्कोरच्या ओळी, काही लांब, काही आखूड.

कारण पंधरा मिनिटांत सापडलं. संध्याकाळपर्यंत तिने दुरुस्तीही लिहिली आणि रिव्ह्यूसाठी माझ्याकडे पाठवली. पहिल्या नजरेला ती दुरुस्ती चोख होती, टेस्टही हिरव्या होत्या. तरीही ती मी परत पाठवली. का पाठवली आणि अशा बदलाचा रिव्ह्यू मी कोणत्या क्रमाने करते, ते इथे सविस्तर लिहिते आहे. साधन आहे मर्क्युरिअल, फायलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं, आणि कमांड आहे एचजी एक्स्पोर्ट (एचजी हे टर्मिनलवरचं मर्क्युरिअलचं नाव). तिची दुरुस्ती मर्क्युरिअलच्याच कोडमध्ये होती. गिट हे त्याच जातीचं दुसरं साधन वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे. कमांड आणि ऑप्शन आपण तोंडी म्हणतो तसे देवनागरीत दिले आहेत, टर्मिनलवर ते नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. एक्स्पोर्ट ही अर्धी कमांड आहे, ती कमिट पॅच नावाच्या मजकुराच्या रूपात फायलीत उतरवते. तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे तो पॅच वाचून कमिट पुन्हा तयार करणारं इम्पोर्ट, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच माणसाच्या मशीनवर, दुसऱ्याच दिवशी, कदाचित जुन्या आवृत्तीवर चालतो. त्यामुळे रिव्ह्यू करताना पॅच उघडणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर काय छान दिसतं, हा प्रश्न नंतरचा.

आधी दोन प्रती तयार ठेवा

बदल वाचायला घेण्याआधी मर्क्युरिअलच्या सोर्सच्या दोन वेगळ्या प्रती क्लोन करा. एक बदलाआधीची, एक बदल लावलेली. दोन्हींत "मेक लोकल" चालवलं की त्या-त्या फोल्डरात चालवता येणारी एचजी फाइल मिळते, मशीनवर इन्स्टॉल केलेल्या एचजीला हात लागत नाही. मी त्यांना "जुनी" आणि "नवी" म्हणते आणि शेलमध्ये तशाच नावांचे एलियस (टोपणनावं) करून ठेवते. पुढची अर्धी तपासणी म्हणजे हीच कमांड जुन्याने आणि नव्याने चालवून दोन्हींचं आउटपुट बाइटला बाइट जुळवणं. त्यासाठी सीएमपी ही कमांड पुरे. डोळ्यांनी जुळवायला जाऊ नका, ओळीच्या शेवटची एक रिकामी जागा डोळ्याला दिसत नाही आणि पॅचमध्ये तीच नडते.

जुन्या प्रतीत आधी टेस्ट चालवून घ्या. टेस्ट्स फोल्डरात रन-टेस्ट्स.पीवाय आहे, त्याला टेस्ट-एक्स्पोर्ट.टी, टेस्ट-गिट-एक्स्पोर्ट.टी आणि टेस्ट-इम्पोर्ट.टी ही नावं द्या. तुमच्या मशीनवर त्या बदलाआधीच पडत असतील, तर पुढचे सगळे निष्कर्ष वाया जातील.

एक्स्पोर्ट नक्की काय लिहितं ते एकदा ओळीओळीने वाचा

कित्येक वर्षं रोज वापरूनही आपण पॅचचा माथा वाचत नाही. रिव्ह्यूआधी तो एकदा वाचाच. साधारण असा असतो:

# एचजी चेंजसेट पॅच
# यूजर (नाव आणि ईमेल)
# डेट १७०००००००० -१९८००
#      वेड नोव्ह १५ ०३:४३:२० २०२३ +०५३०
# नोड आयडी (४० अंकी हॅश)
# पेरेंट  (४० अंकी हॅश)
(कमिटचा संदेश, रिकामी ओळ, मग डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी)

तिसऱ्या ओळीतला -१९८०० हा आकडा पाहा. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे १९,८०० सेकंद. मर्क्युरिअल हा फरक पश्चिमेकडे मोजतं, म्हणून ठाण्यात केलेल्या प्रत्येक कमिटवर तो उणे चिन्हासह येतो. खालच्या ओळीत तीच वेळ माणसाला वाचता यावी म्हणून +०५३० असं लिहून दिलेली आहे. इम्पोर्ट वाचतं ती वरची ओळ. खालची वाचणाऱ्याच्या सोयीची. कोणी "एकच तारीख दोनदा कशाला" म्हणून वरची ओळ सुबक करायला गेला, तर दुसऱ्या टोकाला कमिटची वेळ बदलेल, आणि वेळ बदलली की कमिटची ओळख असलेला हॅशही बदलेल.

ब्रँचची (कामाच्या शाखेची) ओळ फक्त डीफॉल्टखेरीज दुसऱ्या ब्रँचवरच्या कमिटला येते. मर्जला, म्हणजे दोन फाटे जोडणाऱ्या कमिटला, पेरेंटच्या (आधीच्या कमिटच्या) दोन ओळी असतात, पण डिफ मात्र पहिल्या पेरेंटशीच केलेला असतो. दुसऱ्याशी हवा असेल तर --स्विच-पेरेंट द्यावा लागतो. एक्स्टेंशनही या माथ्यात आपल्या ओळी घालू शकतात, टॉपिक एक्स्टेंशन तशी ओळ घालतंच. इम्पोर्ट करणारा "# चिन्ह आणि एक जागा" अशी सुरू होणारी अनोळखी ओळ मुकाट्याने सोडून देतो. म्हणून माथ्यात नवी ओळ वाढवणं तुलनेने सुरक्षित आहे, पण असलेल्या ओळीचा अर्थ किंवा जागा बदलणं नाही.

या सोडून देण्यातूनच एक खड्डा तयार होतो. माथा संपतो तो "# चिन्ह आणि जागा" ने सुरू न होणाऱ्या पहिल्या ओळीवर. मग कमिटच्या संदेशाची पहिलीच ओळ तशी सुरू झाली तर? इम्पोर्ट तिला माथ्याचाच भाग समजतं आणि ती ओळ गळते. संदेशात एका ओळीवर नुसत्या तीन आडव्या रेघा असतील, तर तिथून पुढचा मजकूर टाकला जातो. "डिफ", एक जागा आणि उणे चिन्ह अशी सुरू होणारी ओळ संदेशात आली, तर पॅच तिथूनच सुरू झाला असं धरलं जातं. या तीन गोष्टी माझ्या टाचणवहीच्या पहिल्या पानावर आहेत. एक्स्पोर्टचा कोणताही बदल आला की हे तीन संदेश मी मुद्दाम तयार करून पाहते. मात्र जुनी आणि नवी दोन्ही सारख्याच अडखळत असतील, तर जुनं दुखणं नव्या बदलाच्या माथी मारू नका. वेगळी नोंद करा आणि पुढे चला.

आता बदलाचं कारण वाचा, कोड नंतर

तिच्या कमिट संदेशात लिहिलं होतं: "फाइलच्या नावात देवनागरी अक्षरं टिकावीत." पार्श्वभूमी अशी. एक्स्पोर्टला -ओ देऊन फाइलच्या नावाचा साचा सांगता येतो. टक्का आणि लहान एन म्हणजे अनुक्रमांक, मोठा एन म्हणजे एकूण पॅच किती, लहान एच म्हणजे १२ अंकी हॅश, मोठा एच म्हणजे पूर्ण ४० अंकी, लहान एम म्हणजे संदेशाची पहिली ओळ. तिने दिलं होतं:

एचजी एक्स्पोर्ट -ओ '%एम.पॅच' -आर ०:८

एमबद्दल मदतीत स्पष्ट लिहिलं आहे की फक्त अक्षरं आणि अंक ठेवले जातात. पण मर्क्युरिअल आतून सगळं बाइट म्हणून हाताळतं, आणि बाइटच्या हिशेबात "अक्षर" म्हणजे फक्त इंग्रजी ए ते झेड. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइटचं, म्हणून प्रत्येक चिन्हाचे तीन अंडरस्कोर. "ठाणे" मध्ये चिन्हं चार: ठ, काना, ण, मात्रा. झाले १२ अंडरस्कोर. "वाशी" चेही बरोबर १२. ऐरोली आणि रबाळे प्रत्येकी १५, घणसोली आणि तुर्भे प्रत्येकी १८. साच्यातून एकच नाव दोनदा निघालं की मर्क्युरिअल ते दोन्ही पॅच एकाच फायलीत एकाखाली एक लिहितं. तीन जोड्या एकेका फायलीत गेल्या, नवाच्या सहा झाल्या. मजकूर हरवला नव्हता, पण ते कळायला फायली उघडाव्या लागल्या.

कारण समजलं की रिव्ह्यू करणाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न: हे दुखणं बदल न करता मिटतं का? इथे बऱ्याच अंशी मिटत होतं. साच्यात '%एन-%एम.पॅच' लिहिलं असतं तर प्रत्येक फायलीला आकडा मिळाला असता आणि नऊच्या नऊ फायली दिसल्या असत्या. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण ताई, नाव वाचता तर यायला हवं ना?" तिचं बरोबर होतं. आपल्या भाषेत संदेश लिहिणाऱ्याला फायलींच्या यादीत अंडरस्कोरची रांग मिळावी, हे मलाही पटत नाही. म्हणून बदलाची गरज मान्य करून मी कोडकडे वळले.

कोड वाचताना: काना-मात्रा कुठे गेल्या?

तिने केलं होतं ते थोडक्यात असं: संदेशाचे बाइट युनिकोडमध्ये आणले, मग तीच जुनी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला साचा शोधणारा नियम) चालवली, "शब्दातलं चिन्ह नसेल ते अंडरस्कोर करा", आणि परत बाइट केले. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत युनिकोड मजकुरावर हा नियम जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं ओळखतो, असं आपण गृहीत धरतो. तिच्या टेस्टमध्ये नऊ कमिट होते, नऊ फायली निघत होत्या, टेस्ट हिरवी.

मी नावं छापून पाहिली. "ठाणे" चं झालं होतं "ठ_ण_". "वाशी" चं "व_श_". "तुर्भे" चं "त_र_भ_". "कोपरखैरणे" चं "क_परख_रण_".

पायथनची रेग्युलर एक्स्प्रेशन "शब्दातलं चिन्ह" ठरवताना अक्षर आणि अंक पाहते. युनिकोडमध्ये क, ख, ग ही अक्षरं आहेत, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांचा वर्ग "अक्षर" नाही, "खूण" आहे. म्हणून त्या सगळ्या गळतात. इंग्रजी, ग्रीक किंवा रशियन संदेशावर तपासलं तर हा दोष दिसणारच नाही. मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली यांसारख्या भाषांवरच दिसेल. नऊ स्थानकांची नावं योगायोगाने एकमेकांपासून वेगळी राहिली म्हणून फायलींची संख्या जुळली. उद्या कोणी "वेशी" असा कमिट केला की तोही "व_श_" आणि पुन्हा दोन पॅच एका फायलीत.

इथे रिव्ह्यूचा एक धडधडीत मुद्दा आहे: टेस्ट फायली मोजत होती, नावं वाचत नव्हती. टेस्ट वाचताना प्रत्येक ओळीला विचारा की हा दोष कोडमध्ये असता, तर ही ओळ पडली असती का.

यावर उपाय सरळ आहे. प्रत्येक चिन्हाचा युनिकोड वर्ग पाहायचा आणि अक्षर, खूण, अंक या तीन वर्गांतलं असेल ते ठेवायचं, बाकी सगळं अंडरस्कोर. यात "काय ठेवायचं" याची यादी आहे. काहींना "काय काढायचं" याची यादी सोपी वाटते: तिरकी रेघ काढा, टिंब काढा, झालं. ते मी कधीच मंजूर करत नाही. संदेश लिहिणारा परका असू शकतो, आणि त्याच्या संदेशातून तुमच्या मशीनवर फाइलचं नाव बनतं. दोन टिंबं आणि तिरकी रेघ निसटली तर फाइल भलत्याच फोल्डरात लिहिली जाईल. मजकुराची दिशा उलटी करणारी अदृश्य चिन्हं निसटली तर नाव एक दिसेल आणि असेल दुसरंच. याच चिन्हांनी सोर्स कोडमध्ये फसवता येतं, हे २०२१ मध्ये ट्रोजन सोर्स या नावाने सगळ्या जगासमोर आलं. ती चिन्हं अक्षर, खूण, अंक यांपैकी कशातच बसत नाहीत, म्हणून पहिल्या पद्धतीत ती आपोआप गळतात.

मराठीपुरता एक बारकावा राहतो. "दुसऱ्या" मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह देऊन हलन्त लावतात. काही र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण ते जोडचिन्ह वरच्या तिन्ही वर्गांत नाही, म्हणून त्याच्या जागी अंडरस्कोर येईल. शिवाय ऱ हे चिन्ह र आणि नुक्ता असं फोडूनही लिहिता येतं, आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नाव साठवताना ते तसंच फोडते. म्हणजे लिनक्सवर दिलेलं नाव आणि मॅकवर वाचलेलं नाव बाइटच्या हिशेबात वेगळं. मी तिला एवढंच लिहिलं की या दोन्ही रूपांची टेस्ट घाल आणि जे होईल ते मदतीत नोंदव. परिपूर्ण उत्तर शोधत बसलो असतो तर बदल कधीच पुढे गेला नसता.

लांबीचाही हिशेब करा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात. शेवटच्या ".पॅच" चे ६ वजा केले तर २४९ उरतात, म्हणजे देवनागरी ८३ चिन्हं. काना-मात्रा धरून ८३ चिन्हं एका मोठ्या वाक्यात सहज संपतात. जुन्या नियमातही एका बाइटला एक अंडरस्कोर होता, म्हणून मर्यादा तीच होती, हा नवा दोष नाही. पण नव्या कोडमध्ये कोणी नाव कापण्याचा प्रयत्न केला असेल, तर काप चिन्हाच्या मध्ये पडत नाही ना, आणि अक्षरापासून त्याची मात्रा तोडत नाही ना, हे पाहावं लागतं.

विंडोजवर हे सगळं स्वतंत्रपणे चालवून पाहा. तिथे मर्क्युरिअल फाइलची नावं सिस्टिमच्या कोडपेजातून (चिन्हांच्या ठरलेल्या तक्त्यातून) नेतं, आणि नेहमीच्या कोडपेजांत देवनागरी बसत नाही.

एमचा अर्थ बदलायचा की नवा मार्ग द्यायचा?

यावर आमची खरी चर्चा झाली. तिचा बदल थेट एमवर होता. मी नाही म्हटलं. एमपासून फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोरच निघतात, या भरवशावर कोणाकोणाच्या स्क्रिप्ट चालत असतील सांगता येत नाही. २००५ पासून हे साधन वापरात आहे, आणि जुन्या स्क्रिप्टचं आउटपुट बदलायचं नाही याबद्दल तो प्रकल्प काटेकोर आहे. स्क्रिप्टसाठी एचजीप्लेन हा वेगळा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच तिथे ठेवलेला आहे, तो लावला की आउटपुट बदलणाऱ्या सेटिंग बाजूला पडतात. फ्रेंच संदेशातल्या खुणेच्या अक्षराचे आज दोन अंडरस्कोर होतात. त्यावर बेतलेली स्क्रिप्ट उद्या मोडली, तर ती लिहिणाऱ्याला आपला मराठीचा प्रश्न काय माहीत? म्हणून एम आहे तसा ठेवायचा आणि नव्या नियमासाठी नवं अक्षर द्यायचं. थोडं कुरूप आहे, पण कोणाचं काही मोडत नाही.

नवं काही वाढवलं की त्याचे पडसाद कुठे उमटतात तेही तपासा. साच्यातलं नवं अक्षर असेल तर एक्स्पोर्टच्या मदतीतली यादी बदलायला हवी. कमांडला नवा ऑप्शन दिला असेल, तर टेस्ट-कम्प्लिशन.टी मध्ये प्रत्येक कमांडच्या ऑप्शनची यादी असते, तीही बदलावी लागते. ती बदललेली दिसली नाही, तर समोरच्याने सगळ्या टेस्ट चालवल्याच नाहीत हे लगेच कळतं.

फेरी: पाठवा, उघडा, हॅश जुळवा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एक्स्पोर्टमधला बदल कितीही किरकोळ दिसो, ही फेरी मी सोडत नाही.

एक रिकामा रेपो करा. त्यात मुद्दाम त्रासदायक कमिट घाला: एका फायलीला चालवण्याची परवानगी दिलेला, फाइलचं नाव बदललेला, रिकामी फाइल वाढवलेला, लहानसं चित्र टाकलेला, वेगळ्या ब्रँचवरचा, शेवटी नवी ओळ नसलेली फाइल असलेला, मराठी नावाच्या यूजरचा, आणि वर सांगितलेले तीन खड्ड्यांचे संदेश. मग जुन्याने आणि नव्याने वेगवेगळ्या फोल्डरात एक्स्पोर्ट करा, प्रत्येक वेळी एकदा साधा आणि एकदा --गिट लावून. साधा डिफ परवानगी, नावबदल, रिकाम्या फायली आणि बायनरी मजकूर वाहून नेऊच शकत नाही, तो त्या स्वरूपाचा स्वभाव आहे. म्हणून साध्याच्या फेरीत ते कमिट गळले तर घाबरू नका. --गिटच्या फेरीत गळले तर मात्र थांबा.

पुढे दुसऱ्या टोकाला जा. रेपोचा फक्त पहिला कमिट क्लोन करा आणि तिथे:

एचजी इम्पोर्ट --एक्झॅक्ट (पॅचच्या फायली, क्रमाने)

--एक्झॅक्ट हा ऑप्शन रिव्ह्यू करणाऱ्याचा सगळ्यांत भरवशाचा सोबती आहे. तो पॅच त्याच्या नोंदलेल्या पेरेंटवर लावतो, कमिट करतो आणि तयार झालेला हॅश माथ्यातल्या नोड आयडीशी जुळवतो. हॅशमध्ये फायलींचा मजकूर, यूजर, वेळ, पेरेंट आणि संदेश सगळं येतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तो पॅच खराब आहे किंवा त्यात माहिती गळते आहे असं सांगून थांबतो. डोळ्यांनी तासभर तपासून जे सापडणार नाही ते इथे सेकंदात सापडतं.

या फेरीतच तिच्या दुरुस्तीचा दुसरा प्रश्न पुढे आला, आणि तो कोड वाचून मलाही दिसला नव्हता. फायलींना आता नावं होती, म्हणून मी शेलला सरळ "सगळ्या .पॅच फायली" सांगितल्या. शेलने त्या अकारविल्हे दिल्या: ऐरोली पहिली, मग कोपरखैरणे, घणसोली, आणि ठाणे चौथं. --एक्झॅक्टला ऐरोलीचा पेरेंटच सापडेना. --एक्झॅक्ट नसता तर काय झालं असतं याचा विचार करा. प्रत्येक कमिट वेगळ्या फायलीवरचा होता, त्यामुळे सगळे पॅच कुरकुर न करता लागले असते आणि घेणाऱ्याकडचा इतिहास भलत्याच क्रमाचा झाला असता. म्हणून मदतीतल्या उदाहरणात नव्या अक्षराआधी अनुक्रमांक असावा, असं मी रिव्ह्यूत लिहिलं. अनुक्रमांकाला एकूण संख्येप्रमाणे आधी शून्य लागतात, बारा पॅच असतील तर ०१ पासून सुरुवात होते, म्हणून क्रम बिघडत नाही.

फेरी आणखी एकदा, --एन्कोडिंग एएससीआयआय देऊन एक्स्पोर्ट करून. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांच्या मशीनवर भाषेची सेटिंग नसली की हेच होतं. तेव्हा पॅचमधल्या संदेशातच "ठाणे" ऐवजी चार प्रश्नचिन्हं येतात आणि --एक्झॅक्ट नकार देतो. हे जुन्यातही होतं. पण नव्या कोडने अशा वेळी कोसळू नये, एवढं पाहायचं.

टेस्टच्या फायली वाचताना

मर्क्युरिअलच्या .टी फायलींत कमांड आणि तिचं अपेक्षित आउटपुट एकाखाली एक लिहिलेलं असतं. इंग्रजीपलीकडची चिन्हं तिथे बाइटच्या आकड्यांत लिहून ओळीच्या शेवटी कंसात "ईएससी" अशी खूण करतात. "ठ" तिथे ई०, ए४, ए० असा दिसतो. वाचायला कंटाळा येतो हे खरं, तरी नऊतली दोन नावं तरी हाताने उलगडून पाहा. रन-टेस्ट्सला -आय दिलं की तो नवं आउटपुट दाखवून "हेच बरोबर मानू का" विचारतो, आणि दमलेला माणूस हो म्हणून मोकळा होतो. "ठ_ण_" तसंच आत शिरलं होतं. शिवाय टेस्ट एएससीआयआय एन्कोडिंगमध्ये चालतात, म्हणून देवनागरीच्या टेस्टमध्ये एचजीएन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट द्यावं लागतं, नाहीतर भलतंच काहीतरी तपासलं जातं.

गिटमध्ये काम करत असाल तर

तिथली कमांड गिट फॉरमॅट-पॅच, तिचा कोड बिल्टिन फोल्डरातल्या लॉग.सी मध्ये आणि मुख्य टेस्ट टी४०१४ क्रमांकाची. फाइलच्या नावात आधी चार अंकी क्रमांक असतोच, म्हणून ठाणे-वाशीची टक्कर होत नाही. पण देवनागरी अक्षरं तिथेही गळतात आणि "०००१-.पॅच" एवढंच नाव उरतं. पॅच ईमेलच्या स्वरूपात असतो, त्यामुळे मराठी विषय माथ्यात ईमेलच्या संकेताप्रमाणे आकड्यांत लिहिलेला दिसतो, ते बरोबरच आहे. पहिल्या ओळीतली १७ सप्टेंबर २००१ ही तारीख पाहून गोंधळू नका. ती कमिटची नाही, ही फाइल फॉरमॅट-पॅचने बनवली आहे हे ओळखण्यासाठी ठेवलेली कायमची खूण आहे. कोणी ती "दुरुस्त" करणारा बदल पाठवला तर नम्रपणे परत करा. मर्ज कमिट फॉरमॅट-पॅच मुळातच वगळतं. फेरी इथेही तीच, फक्त दुसऱ्या टोकाला गिट एएम. एक्झॅक्टसारखी सोय नसल्याने कमिटच्या हॅशऐवजी शेवटच्या ट्रीचा (सगळ्या फायलींच्या एकत्रित स्थितीचा) हॅश जुळवा आणि संदेश वेगळे तपासा. तीन रेघांच्या ओळीचा आणि "डिफ उणे" चा खड्डा तिथेही आहे.

रिव्ह्यू लिहिताना

सगळं तपासून झालं की मी तीन ढीग करते: हे बदलल्याशिवाय पुढे जाणार नाही, हे बदललं तर बरं, आणि हे जुनं दुखणं आहे, तुझं नाही. तिच्या बाबतीत पहिल्या ढिगात तीनच गोष्टी होत्या: काना-मात्रा टिकायला हव्यात, एमला हात लावायचा नाही, टेस्टने नावं वाचावीत. प्रत्येक मुद्द्याबरोबर तो दोष दाखवणारी कमांड आणि तिचं आउटपुट चिकटवलं. "युनिकोड नीट हाताळ" असं लिहिण्यात काही अर्थ नसतो. "ठाणे दिल्यावर ठ_ण_ येतं, हे चालवून बघ" असं लिहिलं की समोरच्याला वाद घालावा लागत नाही आणि लाजही वाटत नाही.

दुसरी आवृत्ती तिसऱ्या दिवशी आली. वर्ग पाहून चिन्हं ठेवणारं वीस-बावीस ओळींचं फंक्शन, नवं अक्षर, मदतीत आधी अनुक्रमांक असलेलं उदाहरण, आणि टेस्टमध्ये दोन्ही प्रकारचा "दुसऱ्या". मी फेरी पुन्हा चालवली. फोल्डरात १-ठाणे, २-दिघा गाव मधल्या जागेच्या ठिकाणी अंडरस्कोर घेऊन, ३-ऐरोली, अशी ९-वाशीपर्यंत नावं ओळीने दिसली, आणि एक्झॅक्टने नऊच्या नऊ पॅच घेतले. ती शेजारी उभी राहून बघत होती. "ताई, ही फेरी टेस्टमध्येच घालू का? म्हणजे पुढच्याला हाताने करायला नको." घाल म्हटलं, आणि ती टेस्ट आली तेव्हाच बदल मंजूर केला.